कतारचे कुंपण आणि आपण



करोनाची साथ ओसरली, पण तिच्याविषयीचा वाद काही ओसरत नाही. मुखपट्टीची सक्ती योग्य होती का, टाळेबंदी हे शहाणपण होते की भीतीपोटी केलेला उतावीळपणा, हे विषय निघाले की लग्नाच्या मांडवात, गणपतीच्या आरतीनंतर किंवा बसच्या थांब्यावर अजूनही दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, सरकारने कडक नियम केले म्हणून माणसे वाचली. दुसरा म्हणतो, भीती दाखवून सरकारांनी लोकांचे स्वातंत्र्य काढून घेतले. आवाज चढतात, जुनी भांडणे निघतात आणि शेवटी दोघेही आपापल्या मताला चिकटून घरी जातात.

हा वाद शिळा झाला असे कोणी समजू नये. २० मे २०२५ रोजी जिनिव्हा येथे जागतिक आरोग्य सभेने महासाथीविषयीचा करार मंजूर केला. १२४ देशांनी बाजूने मत दिले, ११ देश तटस्थ राहिले. म्हणजे पुढच्या साथीत कोणी कसे वागायचे याची नियमावली आता कागदावर येऊ लागली आहे. अशा वेळी मागे काय घडले ते नीट तपासणे हे आपले कर्तव्य आहे.

आमचे मत असे आहे की दोन्ही पक्ष प्रश्न अर्धाच विचारतात. सक्ती असावी की नसावी, एवढ्यावरच ते भांडतात. पण सक्ती कोणावर झाली, कोणाच्या भल्यासाठी झाली आणि ज्याला दाराआड बसवले त्याच्या पोटाची काळजी कोणी घेतली, हे फारसे कोणी विचारत नाही. हा राहिलेला अर्धा प्रश्न समजून घ्यायचा तर कतारकडे पाहावे.

कतारच का?

कतार म्हणजे अरबस्तानच्या वाळवंटातून समुद्रात शिरलेला एक लहानसा भूभाग. २०२० साली तिथे सुमारे २८ लाख माणसे राहत होती. त्यांत मूळचे कतारी दहांत जेमतेम एक. बाकीचे नऊ परदेशी: भारतीय, नेपाळी, बांगलादेशी, फिलिपिनो, श्रीलंकन, पाकिस्तानी, आफ्रिकेतले. त्यांत भारतीयांची संख्या मोठी. कोकणातल्या कित्येक घरांतला एक तरी कमावता माणूस १९७० च्या दशकापासून आखातात आहे, आणि दोह्यात महाराष्ट्र मंडळही आहे. आपल्या बेटावरची काही मुलेमुलीही तिकडे हॉटेलांत आणि विमानसेवेत काम करतात.

पण नातेवाइकांपेक्षा मोठे कारण निराळेच आहे. माणसे समुद्रापलीकडून आणायची, कराराने बांधायची, एका आवारात राहायला घालायची आणि त्यांच्या कष्टावर देश उभा करायचा, हा कारभार आपल्याला अनोळखी नाही. आपल्या बेटाची घडण त्यातूनच झाली. आपले पणजोबा याच रीतीने मुंबई बंदरातून निघून पोर्ट लुईला उतरले.

मुखपट्टीचा वाद

आधी मुखपट्टीचे बोलू, कारण तिचा वाद मोठा झाला असला तरी त्याचा निकाल त्यामानाने सोपा आहे.

कतारमध्ये पहिला रुग्ण २९ फेब्रुवारी २०२० रोजी आढळला. एप्रिलच्या अखेरीस दुकानांत जाणाऱ्यांना आणि तिथल्या नोकरांना मुखपट्टी सक्तीची झाली, आणि १७ मे २०२० पासून घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला. मोटारीत एकटाच असेल त्याला तेवढी सूट. नियम मोडणाऱ्याला जास्तीत जास्त तीन वर्षे कैद आणि २,००,००० रियालपर्यंत दंड, असा कायद्याचा बडगा होता. जगात त्या वेळी मुखपट्टीसाठी याहून कडक शिक्षा क्वचितच कुठे असेल.

मुखपट्टीला विरोध ही आजची गोष्ट नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीनंतर, १९१९ च्या जानेवारीत, अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात मुखपट्टीविरोधी संघच स्थापन झाला होता. या वेळीही शास्त्रज्ञांचे एकमत व्हायला वेळ लागला. जागतिक आरोग्य संघटनेने सार्वजनिक जागी कापडी मुखपट्टी वापरण्याचा सल्ला सर्वसामान्यांना दिला तो ५ जून २०२० रोजी. त्याआधी ती निरोगी माणसाला नको असे सांगत होती. लोकांचा विश्वास डळमळला तो अशाने.

मग पुरावा काय सांगतो? बांगलादेशातल्या ६०० खेड्यांत सुमारे ३,४२,००० प्रौढांवर एक मोठी पाहणी झाली. ज्या खेड्यांत मुखपट्ट्या फुकट वाटल्या आणि त्यांचा प्रचार केला, तिथे लक्षणांसह होणारा रोग सुमारे ९ टक्क्यांनी कमी दिसला, आणि डॉक्टरी मुखपट्टी दिलेल्या खेड्यांत साठीपुढच्या लोकांत सुमारे ३५ टक्क्यांनी. पुढे २०२३ साली निरनिराळ्या चाचण्या एकत्र करून झालेल्या एका आढाव्याचा अर्थ काहींनी 'मुखपट्टी निरुपयोगी' असा लावला, तेव्हा तो प्रसिद्ध करणाऱ्या कोक्रेन संस्थेलाच खुलासा करावा लागला की निष्कर्ष अनिश्चित आहे, नकारार्थी नाही. थोडक्यात, मुखपट्टी ही जादू नव्हे, पण थोतांडही नव्हे. थोडा उपयोग, तोही म्हाताऱ्यांना अधिक, आणि त्रास अगदी किरकोळ. एवढ्यासाठी कापडाचा तुकडा तोंडावर बांधायला शहाण्या माणसाची हरकत नसावी.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. मुखपट्टी सर्वांना सारखी असली तरी तिचा दंड सारखा नसतो. कतारमध्ये मार्च २०२१ पासून किमान मासिक वेतन १,००० रियाल ठरले. त्या हिशेबाने २,००,००० रियाल म्हणजे मजुराची सोळा वर्षांहून अधिक कमाई. ही दंडाची कमाल मर्यादा होती, प्रत्येकाला एवढा दंड झाला असे नाही. पण ज्याच्या दारात दोन मोटारी उभ्या आहेत त्याला तो आकडा वाचून वाटणारी भीती आणि गवंडीकाम करणाऱ्याला वाटणारी भीती एक नव्हे.

औद्योगिक क्षेत्राची नाकेबंदी

आता टाळेबंदीकडे वळू. खरी गोष्ट इथे आहे.

दोहा शहराच्या नैऋत्येला 'इंडस्ट्रियल एरिया' नावाचा मोठा भाग आहे. कारखाने, गॅरेजे, गोदामे आणि त्यांच्यामध्ये मजुरांच्या वसाहती. १७ मार्च २०२० रोजी सरकारने या भागातल्या १ ते ३२ क्रमांकाच्या रस्त्यांची नाकेबंदी केली. आत कोणी जायचे नाही, बाहेर कोणी यायचे नाही. रस्त्यांवर अडथळे आणि पोलीस. सुरुवातीला पंधरा दिवस म्हणून सांगितले, पण मुदत वाढत गेली आणि मे महिन्यात टप्प्याटप्प्याने रस्ते मोकळे होऊ लागले.

बाहेरच्या दोह्यातही शाळा, मशिदी, हॉटेले आणि बाजार बंद झाले. तिथल्यांनाही 'घरी राहा' असे सांगितले गेले. पण घरी राहा याचा अर्थ घर असेल तसा असतो. ज्याला चार खोल्या आहेत तो घरी राहून रोगापासून दूर होतो. जो एका खोलीत दोनमजली खाटांवर सात-आठ जणांबरोबर झोपतो, एकाच स्वयंपाकघरात शिजवतो आणि एकाच नळावर अंघोळ करतो, तो घरी राहून रोगाच्या जवळ जातो. कतारच्याच नियमाप्रमाणे मजुरांच्या एका खोलीत चारांहून अधिक माणसे ठेवायची नव्हती. पण कित्येक वसाहतींत त्याच्या दुप्पट माणसे राहतात, हे साथ येण्याच्या कितीतरी आधी पाहणाऱ्यांनी लिहून ठेवले होते.

परिणाम काय झाला, तो कतारच्याच शास्त्रज्ञांनी मोजला. २०२० च्या उन्हाळ्यात त्यांनी रक्ततपासण्या केल्या. शहरी वस्तीत राहणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोकांच्या रक्तात करोना होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या. हातांनी काम करणाऱ्या मजुरांत तो आकडा ५५ टक्के होता.

हे कतारचेच वैशिष्ट्य आहे असे कोणी म्हणू नये. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत अशाच तपासण्या झाल्या. झोपडपट्टीत ५७ टक्के, इमारतींत १६ टक्के. सिंगापूरमध्ये डिसेंबर २०२० पर्यंत डॉर्मिटरीत राहणाऱ्या परदेशी मजुरांपैकी ४७ टक्के लोकांना लागण होऊन गेली होती. तीन देश, तीन सरकारे, तिघांच्या श्रीमंतीत जमीन-अस्मानाचे अंतर, आणि तरी आकडे एकमेकांची भावंडे शोभावीत असे. टाळेबंदीने माणसे वाचवली, हे खरे आहे. पण तिने आधी ती माणसे वाचवली ज्यांना दार लावून घेता येत होते.

न्यायाने बोलायचे तर कतारच्या बाजूनेही सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते न सांगणे अप्रामाणिकपणा होईल. करोनाच्या रुग्णाला तिथे फुकट उपचार मिळाले, मग त्याचे कागदपत्र पुरे असोत वा नसोत. विलगीकरणात असलेल्यांचा पूर्ण पगार मालकांनी द्यावा, असा आदेश सरकारने काढला आणि पगारांसाठी खाजगी कंपन्यांना मिळणाऱ्या कर्जाची हमी घेतली. नाकेबंदीच्या आत अन्न आणि मुखपट्ट्या वाटल्या गेल्या. आपल्या भारतीय मंडळींच्या संस्थांनीही शिधा पोहोचवला. २०२० च्या अखेरीस रुग्णांची संख्या १,४०,००० च्या वर गेली होती, पण मृत्यू अडीचशेच्या आतच राहिले. लोकसंख्येतले बहुतेक लोक तरुण होते हे त्याचे एक कारण, आणि वैद्यकीय सेवा चांगली होती हे दुसरे.

पण दुसरी बाजूही आहे. एप्रिलच्या मध्यावर सरकारने ज्या कंपन्यांचे काम बंद पडले होते त्यांना मजुरांना बिनपगारी रजेवर पाठवण्याची किंवा करार संपवण्याची मुभा दिली. राहायची जागा आणि जेवण देणे बंधनकारक राहिले, पण घरी पाठवायचा पैसा थांबला. नेपाळच्या किंवा सिंधुदुर्गातल्या एखाद्या खेड्यात त्या पैशावर म्हातारीचे औषध आणि पोराची शाळा चालते. पोट दोह्यात भरले म्हणून गावातली चूल पेटत नाही. शिवाय ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेने सांगितले की मार्चमध्ये डझनावारी नेपाळी मजुरांना चाचणी करायची आहे असे सांगून पकडले, कोंडून ठेवले आणि परत पाठवून दिले. कतार सरकारने हे नाकारले आणि त्या भागात बेकायदा धंदे सापडले म्हणून कारवाई केली असे कारण दिले.

काही जण विचारतात, दुसरे करणार तरी काय? रोग जिथे फोफावला तो भाग बंद करावाच लागतो. हे आम्हांलाही मान्य आहे. पण बंद करणे आणि सोडून देणे यांत फरक आहे. मुंबईच्या धारावीत १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण सापडला. अडीच चौरस किलोमीटरच्या आत आठ लाखांच्या वर माणसे. तिथे 'घरीच वेगळे राहा' म्हणणे थट्टाच ठरली असती. म्हणून महापालिकेने घरोघर जाऊन ताप तपासला, शाळा आणि सभागृहे विलगीकरणासाठी घेतली, तिथे जेवणाची सोय केली, सार्वजनिक शौचालये दिवसातून अनेकदा धुतली आणि वस्तीतल्याच खाजगी डॉक्टरांना हाताशी धरले. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे नाव घेऊन कौतुक केले. खोली लहान असेल तर माणसाला मोठ्या खोलीत न्यावे, ही साधी गोष्ट तिथे सुचली.

त्याच महाराष्ट्रात काय घडले तेही विसरता येत नाही. ८ मे २०२० च्या पहाटे, त्या वेळच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ, जालन्याहून आपल्या मध्य प्रदेशातल्या गावांकडे पायी निघालेले १६ मजूर रेल्वेच्या रुळांवर झोपलेले असताना मालगाडीखाली सापडून मेले. गाड्या बंद आहेत अशी त्यांची समजूत होती. त्यांच्याजवळच्या भाकऱ्या रुळांवर विखुरलेल्या जगाने पाहिल्या. करोनाने नव्हे, टाळेबंदीने त्यांचा बळी घेतला. ती टाळेबंदी जाहीर करताना त्यांचा विचारच झाला नव्हता.

हिरवी खूण आणि जुना पास

२२ मे २०२० पासून कतारमध्ये घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर 'एहतेराझ' नावाची यंत्रणा असणे सक्तीचे झाले. फोनवर हिरवी खूण असली तर दुकानात प्रवेश, लाल असली तर नाही. त्याच सुमारास ॲम्नेस्टीने दाखवून दिले की तिच्या रचनेत एक भगदाड होते आणि त्यातून दहा लाखांहून अधिक लोकांची नावे, त्यांची प्रकृती आणि ते कुठे विलग आहेत ही माहिती परक्याच्या हाती पडू शकली असती. सरकारने ते भगदाड लगेच बुजवले. ही सक्ती सैल होत होत १ नोव्हेंबर २०२२ पासून बहुतेक ठिकाणी उठली, फुटबॉलच्या विश्वचषकाआधी तीन आठवडे.

आपल्या बेटाचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला या हिरव्या खुणेवरून एक जुना कागद आठवल्याशिवाय राहणार नाही. १८६७ साली बेटावर हिवतापाने हाहाकार माजवला होता. त्याच वर्षी इथल्या सरकारने कायदा केला की करार संपलेल्या प्रत्येक 'जुन्या आप्रवाशाने' आपले छायाचित्र लावलेले तिकीट आणि पोलिसांचा पास जवळ बाळगावा. पास दाखवता आला नाही की भटक्या म्हणून तुरुंग. पाच वर्षे उसाच्या कोठीवर राबून मोकळा झालेला माणूस दुसऱ्या जिल्ह्यात भावाला भेटायला निघाला तरी त्याला पास लागे. १८७१ साली अडोल्फ द प्लेव्हित्झ या गोऱ्या माणसाच्या मदतीने ९,४०१ आप्रवाशांनी सह्या आणि अंगठे करून अर्ज केला, तेव्हा कुठे १८७२ मध्ये चौकशीसाठी शाही आयोग आला.

दोन्ही गोष्टी एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. एहतेराझ मालकालाही लागू होते, मजुरालाही. ते रोगासाठी होते आणि काम संपल्यावर मागे घेतले गेले. १८६७ चा पास फक्त आपल्या माणसांसाठी होता आणि त्याचा उद्देश उसाला मजूर कमी पडू नयेत हा होता. पण संकटाच्या वेळी केलेला कायदा कोणाच्या खिशात कागद होऊन राहतो आणि तो परत कधी घेतला जातो, यावर डोळा ठेवायला आपल्या वाडवडिलांनी आपल्याला शिकवले आहे. ज्या नियमाला शेवटची तारीख नाही त्या नियमापासून सावध राहावे.

गॅब्रिएल बेट आणि पुण्याचा प्लेग

विलगीकरण हेही आपल्याला नवे नाही. जानेवारी १८५६ मध्ये कलकत्त्याहून 'हैदरी' आणि 'फतेह मुबारक' ही जहाजे आप्रवाशांना घेऊन आली. जहाजांवर पटकी होती. बेटावरच्या लोकांनी दोन वर्षांपूर्वीच पटकीचा कहर पाहिला होता, त्यामुळे जहाजांना बंदरात येऊ द्यायला विरोध झाला. उतारूंना उत्तरेच्या गॅब्रिएल बेटावर उतरवले. धड निवारा नाही, पुरेसे पाणी नाही. दोनशेहून अधिक माणसे तिथेच मेली. या प्रकारानंतर हिंदुस्थान सरकारने काही काळ इकडे माणसे पाठवणेच थांबवले. जहाजे दूर ठेवण्यात चूक नव्हती. माणसांना तिथे टाकून देण्यात होती.

आणि पुण्याचा प्लेग तर प्रत्येक मराठी माणसाला माहीत आहे. १८९७ साली प्लेग कमिशनर रँडच्या हाताखालचे गोरे शिपाई घराघरांत, देवघरांत शिरले, बायकामाणसांची अब्रू पाहिली नाही, सामान जाळले आणि माणसे ओढून छावण्यांत नेली. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडला गोळ्या घातल्या. ही कथा आपण मुलांना अभिमानाने सांगतो. त्यामुळे कित्येकांच्या मनात असे बसले आहे की साथीच्या नियमांना विरोध म्हणजेच देशभक्ती.

पण त्याच पुण्यात, त्याच प्लेगमध्ये आणखी एक गोष्ट घडली, ती आपण कमी सांगतो. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर दवाखाना उघडला. म्हणजे त्यांनीही रोग्याला घरापासून वेगळेच केले. पण ओढून नेले नाही. मुंढव्याच्या महारवाड्यातला एक आजारी मुलगा सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घेऊन दवाखान्यात आणला. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. टिळकांनीही रँडच्या रीतीवर 'केसरी'तून कोरडे ओढले, पण प्लेगच्या रोग्यांसाठी रुग्णालय काढायलाही हातभार लावला. रँडने जे करायचे म्हटले तेच सावित्रीबाईंनी केले: रोग्याला वेगळे काढले. फरक होता तो माणसाला हात कसा लावला याचा. एका रीतीने पुणे पेटले, दुसरीला पुणे आजही हात जोडते.

आपल्या बेटाचे काय?

कतारला नावे ठेवणे सोपे आहे. आपल्या अंगणात पाहणे थोडे अवघड.

२० मार्च २०२० पासून मॉरिशसनेही दारे बंद केली. २४ मार्चला दुकानेही बंद झाली आणि २ एप्रिलपासून आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे वार वाटून ती उघडली, हे वाचक विसरले नसतील. पहिल्या लाटेत दहा माणसे गेली आणि मेअखेर आपण मोकळे झालो. देशाने शिस्त पाळली याचा अभिमान वाटावा. त्याच मे महिन्यात विलगीकरणाचा नवा कायदा झाला आणि पोलिसांना वॉरंटशिवाय आवारात शिरण्याचा अधिकार त्यात आला, तेव्हा वकील आणि विरोधी पक्षांनी आवाज उठवला. तो वाद चांगला झाला. लोकशाहीत तो व्हायलाच हवा.

पण त्या वादात आपल्यातल्या किती जणांनी कापडगिरणीच्या डॉर्मिटरीतल्या बांगलादेशी मुलाचे नाव काढले? आज आपल्या बेटावर बांगलादेश, भारत, नेपाळ, मादागास्कर येथून आलेले हजारो कामगार आहेत. ते आपले कपडे शिवतात, आपली घरे बांधतात, आपल्या बेकरीत पहाटे पाव भाजतात. तेही रांगेतल्या खाटांवर झोपतात. त्यांच्यातल्या पुष्कळांना क्रेओल तुटक येते, सरकारी सूचनेचे फ्रेंच किंवा इंग्रजी तर मुळीच नाही. 'घरी राहा' हे त्यांनाही सांगितले गेले. आपण आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्यांवर दरवर्षी फुले वाहतो. त्या पायऱ्या आज विमानतळावर आहेत, एवढाच फरक आहे. आपल्या पणजोबांच्या जागी आज कोण उभा आहे आणि आपण कोणाच्या जागी उभे आहोत, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

मग आमचे मागणे काय आहे? फार मोठे नाही.

साथ आली तर नियम व्हावेत आणि ते पाळले जावेत. मुखपट्टी बांधा म्हटले तर बांधावी. पण ज्याला कोंडायचे त्याचा पगार आधी ठरवावा, आणि तो पूर्ण असावा, कारण तो सर्वांच्या भल्यासाठी कोंडला जात आहे. सूचना त्याच्या भाषेत द्यावी: बंगालीत, नेपाळीत, हिंदीत, मलागासीत. दाटीची खोली बंद करण्याआधी तिथली निम्मी माणसे शाळेत किंवा सभागृहात हलवावीत. नाकेबंदी उठण्याची तारीख सांगावी आणि वाढवायची झाली तर कारण सांगावे. आणि हे सर्व ठरवणाऱ्या समितीत त्या वसाहतीतला एक तरी माणूस बसवावा. कुंपणाच्या आतली अडचण बाहेरच्याला कळत नाही, हा त्याचा दोष नसतो. पण आतल्याला न विचारणे हा दोष असतो.

आपल्या मंडळांनी, बैठकांनी आणि महिला मंडळांनी यांत वाटा उचलावा, अशी आमची विनंती आहे. सत्यनारायणाला, गुढीपाडव्याला, गणेशोत्सवाला आपण अन्नदान करतो. गावाजवळच्या डॉर्मिटरीत कोण राहते, त्यांचा म्होरक्या कोण, आजारी पडला तर त्याला कोण घेऊन जाते, एवढी चौकशी आज, साथ नसताना, करून ठेवली तर उद्या साथ आल्यावर आपल्याला दुसऱ्या देशाकडे बोट दाखवावे लागणार नाही. पुढची साथ केव्हा येईल ते कोणाच्या हातात नाही. त्या वेळी कुंपणाच्या आतल्या माणसाला भाकरी, पगार आणि चार शब्द पोहोचतील की नाही, हे मात्र आपल्या हातात आहे.